वाचकांचे प्रश्न : सांडपाणी वाहते, पण सावकाश

पाऊस लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय हमखास बदलतो. वैशाखात विहिरीला पाणी किती उरले याची चिंता असते आणि आषाढात घरातले पाणी बाहेर का जात नाही याची. यंदा आलेल्या अशा पत्रांतील चार पत्रे पुढे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्यात इतर अनेकांच्या प्रश्नांचीही उत्तरे येतात.

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात आमचे घर असून बांधकाम नऊ वर्षांपूर्वीचे आहे. स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास या तिन्हींचे पाणी चार इंची पीव्हीसी पाइपने अंगणातल्या चेंबरमध्ये येते व तेथून सुमारे ४५ फुटांवरच्या सेप्टिक टाकीत जाते. टाकीपुढे शोषखड्डा आहे. गेली दोन वर्षे पाणी फार संथ उतरते. दोन बादल्यांची अंघोळ झाली की न्हाणीत घोटाभर पाणी साचते, आणि संडासात बादली ओतली की न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे येतात. उन्हाळ्यात त्रास कमी असतो, पावसाळ्यात असह्य होतो. आजवर चार वेळा ॲसिड ओतून पाहिले. एक मिस्त्री टाकी उपसा म्हणतात, दुसरे सगळी लाइन नवी टाका म्हणतात. कोणाचे ऐकावे? — एक निवृत्त शिक्षक, जि. यवतमाळ

उत्तर : गुरुजी, तूर्त दोघांचेही ऐकू नये. टाकी उपसणे किंवा लाइन बदलणे हे दोन्ही खर्चाचे उपाय आहेत आणि अडथळा कोठे आहे हे दोघांपैकी कोणीही पाहिल्याचे आपल्या पत्रात दिसत नाही. आपण मात्र एक फार कामाची गोष्ट नोंदवली आहे, ती म्हणजे बुडबुड्यांची. संडासात ओतलेल्या पाण्याने न्हाणीच्या जाळीतून हवा वर येते, याचा अर्थ अडथळा या दोघांची पाइप जेथे एकत्र येते त्याच्या पुढे कोठेतरी आहे. पाण्याला पुढे वाट नाही म्हणून ते पाइपातली हवा मागे ढकलते आणि ती हवा सर्वांत जवळच्या तोंडातून बाहेर पडते. केवळ मोरी तुंबली असती आणि संडास व्यवस्थित असता, तर दोष मोरीच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे जाळीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाकात, शोधावा लागला असता. येथे तो शोधण्यात अर्थ नाही. जाळीत ओतलेले ॲसिडही या कारणाने वाया गेले, कारण साचलेल्या पाण्यात विरत विरत अडथळ्यापर्यंत पोहोचेतोवर त्याचा जोर उरत नाही.

आता पाहणी कशी करावी ते सांगतो. सकाळी घरातल्या सर्वांच्या अंघोळी आटोपल्या की अंगणातल्या चेंबरचे झाकण उघडावे आणि घरातील कोणालातरी संडासात सलग दोन बादल्या पाणी ओतायला सांगावे. चेंबर कोरडे असून पाणी त्यात धारेने येण्याऐवजी झिरपत येत असेल, तर अडथळा घर आणि चेंबर यांच्या दरम्यान आहे. चेंबर आधीच भरलेले असेल, तर दोष त्याच्या पुढे आहे आणि मग टाकीचे झाकण उघडण्यावाचून गत्यंतर नाही. हे झाकण उघडून किमान अर्धा तास तसेच राहू द्यावे, जवळ विडी किंवा काडी पेटवू नये, लेकरांना लांब ठेवावे आणि आत डोके घालून वाकू नये. टाकीत मिथेन असतो, तो पेट घेतो. आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, ज्याची सडक्या अंड्यासारखी घाण प्रमाण वाढले की नाकाला जाणवेनाशी होते. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणे म्हणूनच घातक आहे.

टाकीतल्या पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी असायला हवी. ती तेवढीच असून चेंबर मात्र भरलेले असेल, तर दोष चेंबर आणि टाकी यांमधल्या ४५ फुटांत किंवा टाकीत शिरताना बसवलेल्या टीमध्ये, म्हणजे इंग्रजी T आकाराच्या जोडात, आहे. या टीच्या तोंडाशी वर तरंगणाऱ्या मळीचा थर जाड झाला की ती बुजते आणि लांब काठीने वरून दाबल्यावर घळकन मोकळी होते. अनेक घरांचा दोन-दोन वर्षांचा त्रास या एका काठीने संपलेला मी पाहिला आहे. पाणी जर बाहेर जाणाऱ्या पाइपाच्याही वर चढलेले असेल, तर बहुधा शोषखड्डा पाणी घेत नाही, असे समजावे. टाकी उपसणारी गाडी आली तेव्हाही याची खातरजमा होते. टाकी रिकामी होत असताना बाहेरच्या पाइपातून पाणी उलटे आत येऊ लागले, तर खड्डा काठोकाठ भरलेला आहे; अशा वेळी उपसण्याचा खर्च पंधरा दिवसांत पाण्यात जातो.

आपल्या बाबतीत मला संशय आहे तो त्या ४५ फुटांचा, आणि त्याचे कारण आपली जमीन. आपल्याकडची काळी भारी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा देते. दरवर्षीच्या या फुगण्या-आकसण्यात नुसत्या काळ्या मातीत पुरलेली पाइप कोठे उचलली जाते तर कोठे खाली बसते. बसलेल्या भागाला मिस्त्री लोक ‘पाइपाला पोट पडले’ असे म्हणतात. त्या पोटात पाणी कायम उभे राहते, त्यात गाळ बसतो, आणि गाळावर तेलकट थर चढत जाऊन चार इंचांची वाट दीड-दोन इंचांवर येते. उन्हाळ्यात पाण्याचा वापर कमी असतो व जमीन कोरडी असल्याने खड्डाही भराभर पाणी घेतो, म्हणून दोष झाकला जातो. पावसाळ्यात तो उघडा पडतो.

या गाळात काय असते, हेही एकदा पाहण्यासारखे आहे. खेड्यात अजूनही बरीच घरे चुलीच्या राखेने भांडी घासतात. राख मोरीतून जाते, तिच्यासोबत शेतातून आलेल्या पायांची माती आणि भांड्यांचा काथ्या जातो. राखेतला चुन्याचा अंश व तेलकटपणा एकत्र आला की पांढुरका, साबणासारखा कडक थर तयार होतो आणि तो पाण्याने सुटत नाही. आमच्या स्वतःच्या घरची पाइप एका दिवाळीनंतर कापावी लागली, तेव्हा आतून निघालेला थर खिळ्याने खरवडावा लागला होता. त्यात काथ्याचे तुकडे आणि साबणाच्या वडीचे प्लास्टिकचे वेष्टन अगदी भिंतीत विटा बसवाव्यात तसे बसलेले होते. फराळाचे तेल आणि लगेच पडणारी थंडी या दोन्हींचा मेळ बसतो म्हणून कार्तिकात अशा तक्रारी वाढतात, असा माझा अनुभव आहे. राखेने घासणे बंद करा असे मी म्हणणार नाही. भांडी अंगणातल्या दगडावर घासून ते पाणी झाडांकडे सोडावे आणि मोरीच्या जाळीखाली एक बारीक जाळी बसवावी, एवढे पुरते.

प्रत्यक्ष साफसफाईसाठी लांब, लवचीक बांबूची कमची किंवा प्लंबरकडची स्प्रिंग वापरावी. ती चेंबरमधून टाकीच्या दिशेने घालावी, थोडी पुढे सरकवावी, फिरवावी, मागे घ्यावी आणि पुन्हा घालावी. एकदम जोराने रेटल्यास गाळाचा बोळा होऊन तो पुढे घट्ट बसतो. जोडणीचे गज वापरत असाल तर ते एकाच दिशेने, आटे आवळले जातील असे फिरवावेत, नाहीतर एक गज सुटून आत राहतो आणि मग खरोखरच लाइन खोदावी लागते. किती फुटांवर कमची अडली, तेथे तिच्यावर खूण करून ते अंतर जमिनीवर मोजून ठेवावे. पुढे खोदायची वेळ आली तर आंगण नांगरल्यासारखे न खोदता नेमके तेवढेच खोदता येते. वाट मोकळी झाली की दहा-बारा बादल्या पाणी एका पाठोपाठ एक सोडावे. उकळते पाणी मात्र पीव्हीसी पाइपात ओतू नये, कारण ते पाइपाला मऊ करते आणि आधीच बसलेली पाइप आणखी वाकते.

याने सहा महिने बरे वाटून पुन्हा पूर्वीसारखे झाले, तर पोट पडले आहे हे नक्की समजावे. ४५ फुटांत मध्ये एकही चेंबर नसणे ही आपल्या बांधकामातली चूक आहे. ती दुरुस्त करताना एक चेंबर मधोमध बांधून घ्यावे, म्हणजे दुपारच्या उन्हात एका चेंबरमधून आरशाने उन्हाचा कवडसा पाइपात टाकता येतो आणि दुसऱ्या चेंबरमधून, तेथेही आरसा धरून, पाहता येते. उजेडाचे पूर्ण वर्तुळ दिसले तर पाइप सरळ आहे; चंद्रकोर दिसली तर मध्ये ती बसलेली आहे. खोदकामाची घाई मात्र करू नये. भर पावसात काळ्या मातीत खोदलेली नाली भिंती ढासळून भरून येते. दिवाळीनंतर वाफसा आल्यावर काम काढावे, बसलेला भागच तेवढा उघडावा, खाली मुरूम किंवा चुरीचा सहा इंचांचा थर ठोकून बसवावा, पाइपाच्या बाजूंनी व वरूनही मुरूमच भरावा आणि निघालेली काळी माती अगदी वर टाकावी. सांधे रबरी रिंगचे घ्यावेत, म्हणजे जमीन हलली तरी ते थोडे सरकतात, तुटत नाहीत. चार इंची पाइपाला ४० फुटांमागे १ फूट उतार उत्तम. ६० फुटांमागे १ फूट हा त्याचा किमान उतार. म्हणजे आपल्या ४५ फुटांसाठी ९ ते साडेतेरा इंचांचा फरक हवा, आणि तो डोळ्याने न ठरवता मिस्त्रीच्या पाण्याच्या नळीने, आपल्या समोर, मोजून घ्यावा.

एक गोष्ट राहिली. टाकीच्या हवेच्या पाइपावर जाळी आहे का, तेही पाहावे. उघड्या तोंडात गांधीलमाश्या मातीचे घर करतात, हवेची वाट बंद होते आणि पाणी गुडगुड करीत हळू उतरते. हा दोष शिडी लावून पाच मिनिटांत दूर होतो, म्हणून तो सर्वांत आधी तपासला तरी हरकत नाही.

प्रश्न : आदरणीय भाऊ, दर्यापूर तालुक्यात आमचे घर आहे. शोषखड्डा तीन वर्षांपूर्वी आठ फूट खोल खोदून गिट्टीने भरला, परंतु पहिल्याच पावसाळ्यानंतर त्याने पाणी घेणे सोडले. संडासचे पाणी उतरत नाही आणि अंगणात ओल येते. खड्डा आणखी खोल करावा का? — एक वाचक भगिनी, जि. अमरावती

उत्तर : ताई, खोल करू नये. आपला तालुका पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात येतो आणि तेथे खोल जाण्याने काही साधत नाही. या मातीत सोडियमचे प्रमाण जास्त असल्याने ओली झाल्यावर तिचे कण एकमेकांपासून सुटतात, बारीक छिद्रे लिंपली जातात आणि खड्ड्याची भिंत शेणाने सारवल्यासारखी होते. मुरमाड जमिनीत जो खड्डा वीस वर्षे चालला असता, तो येथे एका पावसात बसतो. यात आपल्या गवंड्याचा दोष कमी आणि जमिनीचा अधिक आहे, तरीही ही जमीन पाहून काम करायला हवे होते, असे मला वाटते.

पहिला उपाय पाणी कमी करण्याचा आहे. घरातल्या सांडपाण्याचा मोठा वाटा न्हाणीचा, धुण्याचा आणि मोरीचा असतो. संडासचे पाणी त्या मानाने थोडे असते. न्हाणी आणि मोरीची पाइप टाकीपासून तोडून वेगळी काढावी व ते पाणी परसबागेत केळी, अळू, कर्दळ यांच्या आळ्यांत फिरवून सोडावे. आळे आलटून पालटून बदलावे, म्हणजे डबके होत नाही आणि डास वाढत नाहीत. धुण्याचा सोडा शक्य तितका कमी वापरावा, कारण त्यात सोडियमच असते आणि ते याच मातीत जाते. एवढे केल्यावर निम्म्याहून अधिक ठिकाणी जुना खड्डाच काही महिन्यांनी पुन्हा थोडे पाणी घेऊ लागतो, कारण त्याच्या भिंतीवरचा काळा, चिकट थर विश्रांती मिळाली की सुकतो.

तरीही भागले नाही, तर खोल खड्ड्याऐवजी लांब आणि उथळ चर खोदावा. खड्ड्याचे पाणी तळातून आणि भिंतीतून जमिनीत जाते. उथळ चराचे पाणी काही जमिनीत, काही वरच्या गवताच्या मुळांतून आणि उन्हातून निघून जाते. आपल्याकडचे ऊन या कामी येते. दोन-अडीच फूट खोल चरात गिट्टी, तिच्यात छिद्रांची पाइप, वर पोते आणि माती, त्यावर गवत, असे काम असते. टाकीतून बाहेर पडणारे पाणी मात्र उघड्यावर दिसता कामा नये आणि चर विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान १८ मीटर दूर असावा. खाली भेगाळ खडक असेल तर त्याहूनही अधिक. छपराच्या पन्हाळीचे पाणी यांपैकी कशातही सोडू नये. हे सांगायची गरज नाही असे वाटते, परंतु मी पाहिलेल्या बंद पडलेल्या खड्ड्यांपैकी बऱ्याच खड्ड्यांत पन्हाळीच उतरलेली होती.

प्रश्न : आमच्या लाइनशेजारी मोठा कडुनिंब आहे आणि त्याची मुळे पाइपात शिरली आहेत. संत्र्याच्या बागेसाठी आणलेले मोरचूद घरात आहे. ते पाइपात टाकल्यास मुळे मरतात असे ऐकले. टाकावे का? तसेच ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र टाकल्यास लवकर गुण येतो, हे खरे का? — एक संत्रा उत्पादक, वरूड तालुका, जि. अमरावती

उत्तर : मोरचुदाने मुळे मरतात हे खरे आहे. मेलेली मुळे मात्र पाइपातच राहतात, सांधा उघडाच राहतो आणि कडुनिंब पुढच्या वर्षी तेथेच नवी मूळ पाठवतो, कारण त्याला पाणी कोठे आहे ते ठाऊक झालेले असते. शिवाय ज्या गुणामुळे आपण बोर्डो मिश्रणात मोरचूद घालून बुरशी मारता, त्याच गुणाने ते टाकीत मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाही मारते. टाकी मग फक्त साठवणीची हौद होते आणि गाळ भराभर चढतो. मुळे कापून काढावीत, तो सांधा खोदून बदलावा आणि शक्य असल्यास लाइन झाडापासून दूर वळवावी. झाड तोडू नये. वळवलेली लाइन एका उन्हाळ्याचे काम आहे, झाड नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट शब्दांत देतो : ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र टाकू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि दार बंद असलेल्या न्हाणीत तो जीव घेऊ शकतो. नुसते ॲसिडही कुजलेल्या काळ्या गाळावर पडले की विषारी वायू सोडते. दुकानात बाटली सहज मिळते, म्हणून ती निरुपद्रवी होत नाही.

आपल्या पत्रात, टाकीत उतरून गाळ काढायला गावातला एक माणूस तयार आहे असेही लिहिले आहे. त्याला उतरवू नका. २०१३ च्या कायद्याने सेप्टिक टाकीत माणसाला अशा जोखमीने उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी पहिला बेशुद्ध पडल्यावर त्याला काढायला उतरलेला दुसराही दगावतो, असे वारंवार घडलेले आहे. जवळच्या नगरपालिकेकडे किंवा खासगी चालकांकडे ट्रॅक्टरवरचा उपसा टँकर मिळतो. दोन-तीन वर्षांतून एकदा तो बोलवावा, आणि गाळ शेताच्या नाल्यात ओतू न देता कोठे नेणार हे त्याला आधी विचारावे. ज्या जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले, तेथे हे सांगावे लागते याचे मला वाईट वाटते.

प्रश्न : आमच्याकडे दोन खड्ड्यांचे शौचालय आहे. चार वर्षांत दोन्ही खड्डे एकदमच भरले आणि आता पाणी उतरत नाही. असे का झाले? — एक वाचक, आमगाव तालुका, जि. गोंदिया

उत्तर : संडासचे भांडे आणि खड्डे यांच्यामध्ये जे लहान चेंबर असते, त्यात दोन वाटा फुटतात. त्यांपैकी एक वाट विटेने व मातीने बंद ठेवायची असते. आपल्याकडे ती बंद केलेली नसावी, त्यामुळे दोन्ही खड्डे सोबतच भरले आणि आता एकही विश्रांतीला ठेवता येत नाही. सध्या गाडी बोलावून एक खड्डा रिकामा करून घ्यावा, त्याची वाट चालू ठेवावी आणि दुसऱ्याची बंद करावी. बंद खड्डा किमान दीड ते दोन वर्षे तसाच ठेवला की त्यातला मैला वासरहित, भुसभुशीत खत होतो आणि तो फावड्याने काढता येतो. आपल्या धानपट्ट्यात पावसाळ्यात भूजल फार वर येते, म्हणून खड्ड्यात बाहेरचे पाणी शिरते का ते श्रावणात झाकण उचलून पाहावे; शिरत असल्यास खड्डे उथळ करून त्यांची कडा जमिनीवर उचलून बांधावी लागेल. खड्डा बंद कराल त्या दिवशी झाकणावरच्या ओल्या सिमेंटवर खिळ्याने महिना आणि वर्ष कोरून ठेवावे, कारण दोन वर्षांनी कोणता खड्डा आधी बंद केला होता याबद्दल घरातल्या दोन माणसांचे एकमत होत नाही.